दुकानाचं सभासद व्हावं का? वर्गणीचा जुना हिशेब

 आमचा बचत गट साक्री तालुक्यातला.

आमच्या बैठकीत आधी बचत जमा होते, मग कर्जाचे हप्ते, आणि शेवटी चहाबरोबर इकडच्या-तिकडच्या गोष्टी. मागच्या दिवाळीच्या आधी मात्र चहा गार झाला तरी कोणी उठलं नाही. एक माणूस छापील कागद घेऊन आला होता. शहराकडच्या एका घाऊक दुकानाचं सभासद व्हायचं, वर्षाला ६०० रुपये भरायचे, कार्ड मिळतं, आणि कार्डवाल्यांना तेल, साखर, डाळ, साबण सगळं स्वस्त मिळतं, असं तो सांगत होता. आम्ही तेरा जणी. तेरा कार्डांचे ७,८०० रुपये झाले. गटाच्या बचतीतून भरा आणि मग दर महिन्याला थोडे थोडे कापून घ्या, असाही उपाय त्याने सुचवला.

सात-आठ जणींचे हात लगेच वर झाले. सणाचे दिवस होते, स्वस्त कोणाला नको असतं? पण त्याच महिन्यात आमच्यातल्या एकीने मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी गटाकडे कर्ज मागितलं होतं. कार्डांना पैसे दिले असते तर तिला पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं लागलं असतं, आणि प्रवेश काही थांबत नाही. कोपऱ्यात बसलेल्या आमच्या सगळ्यात वयस्कर आजींनी तेव्हा अहिराणीत दोनच गोष्टी विचारल्या. ‘कार्ड काढीसन कितला वाचतीन?’ आणि दुसरं, ‘दुकान कोनं शे?’

पहिल्या प्रश्नाला आकडेमोड लागते, ती आपण पुढे करू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही बरंच वाचलं, जाणत्यांना विचारलं. पैसे भरून दुकानाचं सभासद होण्याची रीत जवळपास दोनशे वर्षांची आहे, आणि ती आपल्यासारख्याच हातावर पोट असलेल्या माणसांनी सुरू केली. आजच्या भाषणात तोच इतिहास सांगतो.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात. तिथे कापडाच्या गिरण्या होत्या. मजुरी तुटपुंजी आणि किराणा उधारीवर. उधारीच्या गिऱ्हाइकाला काय मिळतं ते आपल्याला सांगायला नको. त्या काळी पिठात खडू आणि तुरटी मिसळत, वापरलेली चहापत्ती वाळवून पुन्हा विकत, वजनातही मारत. उधारी असली की तक्रार करायला तोंड उरत नाही. मग २८ जणांनी, बहुतेक विणकर आणि कारागीर, आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून प्रत्येकी एक पौंड जमवला. एकूण २८ पौंड. त्यात भाड्याची जागा घेतली आणि २१ डिसेंबर १८४४ ला दुकान उघडलं. माल किती होता? थोडं पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. पहिल्या संध्याकाळी बाहेर पोरं हसत उभी होती, असं सांगतात.

पण त्यांचे नियम पाहा. माल शुद्ध, वजन पुरं. उधारी नाही, सगळा व्यवहार रोख. वर्षाचा नफा उरला तर ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात तो परत. आणि ज्याचे एकापेक्षा जास्त भाग आहेत त्यालाही मत एकच. बायांनाही सभासद होता येत होतं. त्या काळात इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची असे. तो कायदा पुढे १८७० आणि १८८२ साली बदलला. त्याच्या कितीतरी आधी रॉचडेलच्या दुकानाच्या वहीत बाईचं नाव, बाईचा भाग आणि बाईचं मत लिहिलं जात होतं. पुढे १८८३ साली तिथल्या बायांनी सहकारी चळवळीत आपली वेगळी संघटनाही काढली.

म्हणजे त्या सभासदाने भरलेला पौंड हा प्रवेशाचा पैसा नव्हता, तो भाग होता. दुकान चाललं तर त्याचं मोल टिकायचं, आणि सभासद सोडून गेला तर तो पैसा मागता यायचा. आजींच्या प्रश्नाला रॉचडेलमध्ये सरळ उत्तर होतं: दुकान आपलं.

आता आपल्या देशात येऊ. आपल्याकडे सहकाराची सुरुवात दुकानापासून झाली नाही, कर्जापासून झाली. कारण आपलं मोठं दुखणं सावकार हे होतं. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जाचे कागद जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तो फक्त कर्ज देणाऱ्या संस्थांपुरता होता. दुकानं, खरेदी-विक्री, उत्पादन यांच्या सहकारी संस्थांना कायद्याची वाट १९१२ साली मोकळी झाली. तरी १९०४ सालीच मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात लोकांनी एकत्र येऊन आपलं सहकारी दुकान सुरू केलं होतं. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या ग्राहक संस्थांमध्ये त्याचं नाव घेतात.

महाराष्ट्रात ग्राहकांच्या दुकानाला खरा जोर आला तो टंचाईत. दुसऱ्या महायुद्धात धान्य मिळेना, म्हणून १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं. काळा बाजार फोफावला. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, मुंबईच्या नायगाव भागात गिरणी कामगारांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी कामगारांची मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था काढली. हीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून घराघरात पोचली. १९६८ साली तिने एकाच छपराखाली सगळं मिळणारं मोठं दुकान उघडलं. कामगाराच्या बायकोला शेठजीच्या दुकानात न लाजता, न उधारी मागता माल हाताळून घेता येऊ लागला. मधल्या काळात, १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर, सरकारनेही देशभर ग्राहक भांडारं काढण्याची योजना आणली. १९६६ साली दिल्लीत सुपर बाजार उघडलं.

यातली बरीच भांडारं पुढे बुडाली, हेही सांगायला हवं. दिल्लीचं सुपर बाजार तोट्यात जाऊन बंद पडलं. अपना बाजारलाही १९९० नंतर मोठ्या खाजगी दुकानांपुढे टिकणं जड गेलं. भांडाराची पाटी सहकारी असली, पण सभासद वार्षिक सभेला जात नसतील, हिशेब विचारत नसतील, मालही दुसरीकडून आणत असतील, तर ते भांडार नावापुरतंच सभासदांचं राहतं. आपल्या आसपास बंद पडलेल्या सोसायट्या पाहिल्या की हे वेगळं समजवावं लागत नाही.

आता १९७२ चा दुष्काळ. आमच्या सासवा अजून त्या सालाची आठवण काढतात. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बाया एकत्र आल्या आणि महागाईविरोधी समिती स्थापन झाली. तेल, साखर, रॉकेल यांच्यासाठी बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आपल्याकडे शहाद्याला, जो तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता, त्याच साली श्रमिक संघटना उभी राहिली. तिथे प्रश्न सालदाराच्या मजुरीचा आणि बळकावलेल्या जमिनीचा होता. सालदाराने वर्षभर उचललेलं धान्य सालातून कापलं जायचं. साल संपलं तरी देणं संपायचं नाही. त्याच्या घरातल्या बाईला ‘कुठे स्वस्त मिळतं’ हा प्रश्नच पडत नव्हता. मालक देईल तिथूनच घ्यायचं.

आपल्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या बहिणींना खावटी हा शब्द चांगला माहीत आहे. पावसाळ्यात काम नसतं आणि कोठी रिकामी असते, तेव्हा आदिवासी कुटुंबाने सावकाराकडे जाऊ नये म्हणून आदिवासी विकास महामंडळाकडून धान्य आणि रोख रूपात खावटी कर्ज मिळायचं. हे महामंडळही १९७२ चंच. कोरोनाच्या काळात खावटीचं अनुदान झालं, ४,००० रुपयांचं. त्यात अर्धी रक्कम खात्यावर आणि अर्ध्याचा किराणा. यातून एक गोष्ट लक्षात ठेवू. आपल्या घरात पैसा बारा महिने सारखा येत नाही. वर्षाची वर्गणी ठरवणारा माणूस महिन्याचा पगार डोळ्यापुढे ठेवतो. आपला हंगाम त्याच्या कागदावर नसतो.

आणखी दोन उदाहरणं १९७५ सालची. दोन्ही मुंबईची, पण आपल्या कामाची.

गिरणगावात हजारो बाया घरी खानावळ चालवत. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालायचं आणि पैसे पगाराला घ्यायचे. तोवर किराणा उधार. वाणी त्या उधारीवर व्याज लावी, भाव चढा लावी आणि हलका माल देई. प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९६९ साली बँका सरकारी झाल्या होत्या. त्या बँकांकडून या बायांना गटाच्या भरवशावर कर्ज मिळालं. हातात रोख आल्यावर त्याच बाया त्याच बाजारात भाव करून चांगला माल घेऊ लागल्या. त्यांना कुठल्या कार्डाची गरज पडली नाही, गरज होती उधारीतून सुटण्याची.

दुसरं उदाहरण मुंबई ग्राहक पंचायतीचं. त्याआधी पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबईत काम सुरू झालं. यांनी दुकानच काढलं नाही. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ. प्रत्येकीने महिन्याची यादी आधी द्यायची. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल घाऊक घ्यायचा, ठरलेल्या दिवशी गाडी येणार, आणि सभासदांनी स्वतःच मोजून, वाटून घ्यायचा. ना काचेची दुकानं, ना जाहिरात, ना उधारी. हजारो कुटुंबं अशी जोडली गेली. त्यात सभासदाला पैशाबरोबर वेळही द्यावा लागतो. वाटपाच्या दिवशी हात लावायला यावंच लागतं.

मग आमच्याकडे आलेला तो कागद कुठल्या वंशातला? तो रॉचडेलचा नव्हे, अमेरिकेचा. तिथे सोल प्राइस नावाच्या माणसाने १९७६ साली सॅन दिएगो शहरात, पूर्वी विमानं ठेवायच्या भल्या मोठ्या शेडमध्ये घाऊक दुकान उघडलं. आत यायचं तर वर्षाला २५ डॉलर. सुरुवातीला छोट्या दुकानदारांसाठी, नंतर इतरांसाठीही. १९८३ साली त्याच धर्तीवर कॉस्टको निघालं आणि १९९३ साली दोन्ही एक झाली. या दुकानांची युक्ती साधी आहे. मालावर नफा फार थोडा ठेवायचा आणि कमाई वर्गणीतून करायची. माल थोक घ्यावा लागतो, प्रकार मोजके, सजावट नाही. ज्याचं घर मोठं, ज्याच्याकडे गाडी, फ्रीज आणि माल ठेवायला कोठार, त्याला ते परवडतंही. आपल्याकडे २००३ साली बंगळूरूला जर्मनीच्या मेट्रो कंपनीने असं कार्डाचं घाऊक दुकान उघडलं, पण ते कार्ड दुकानदार आणि हॉटेलवाल्यांसाठी होतं.

म्हणजे सभासद हा शब्द एक आणि त्याचे अर्थ दोन. एका सभासदाचा दुकानात भाग असतो, त्याला मत असतं, नफ्यात वाटा असतो. दुसऱ्या सभासदाने फक्त आत जायचं तिकीट काढलेलं असतं. त्यानं कमी खरेदी केली तरी वर्गणी दुकानाला आधीच मिळालेली असते. तिकीट काढणं वाईट नाही. जत्रेतल्या पाळण्याचंही आपण काढतो. पण ते तिकीट आहे हे ठाऊक असावं.

आता आजींचा पहिला प्रश्न. आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. तुम्हीही आपापले आकडे घालून बघा, भाव रोज बदलतात.

आधी घरातलं वजा केलं. ज्वारी, बाजरी, नागली शेतातली. गहू, तांदूळ रेशनचे. उरलं काय? तेल, साखर, डाळ, चहा, साबण. आमच्या एका मध्यम घराचा हिशेब असा धरला. तेल महिन्याला ३ किलो, किलोमागे ८ रुपये वाचतात असं समजलं, वर्षाचे २८८. साखर ५ किलो, किलोमागे ३ रुपये, वर्षाचे १८०. डाळ ३ किलो, किलोमागे १० रुपये, वर्षाचे ३६०. चहा-साबणात महिन्याला ४० वाचले, वर्षाचे ४८०. एकूण १,३०८ रुपये. त्यातून वर्गणीचे ६०० गेले, उरले ७०८. धुळं आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन ९० रुपये धरले आणि वर्षात सहा फेऱ्या, म्हणजे ५४० गेले. उरले १६८. आणि सहा दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळी. तेलाचा डबा डोक्यावर घेऊन बसमध्ये चढायचं तेही वेगळं.

आजींनी हिशेब ऐकून काही म्हटलं नाही. नुसती मान हलवली.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. जी बाई शाळेचा पोषण आहार शिजवते, मेस चालवते, लग्नकार्याच्या ऑर्डरी घेते, तिचं महिन्याचं तेलच दोन डबे जातं. तिचे ६०० रुपये पहिल्या दोन महिन्यांत निघतील. आमच्यातली एक जण फरसाण करून विकते. तिला आम्ही म्हटलं, तू जरूर काढ, पण तुझ्या धंद्याच्या पैशातून काढ. तिने काढलंही.

बाकीच्यांनी कार्ड नाकारलं. कर्ज त्याच बैठकीत मंजूर झालं आणि मुलीचा प्रवेश वेळेत झाला. मग ग्राहक पंचायतीचं उदाहरण समोर ठेवून आम्ही पाच वस्तूंची एकत्र खरेदी सुरू केली. पहिल्याच वेळी चुकलो. स्वस्त मिळाली म्हणून तूरडाळ चार महिन्यांची घेतली आणि पावसाच्या दमटपणाने तिला किडे लागले. साखर वाटताना सांडली, शेवटच्या दोघींना कमी पडली आणि रुसवे झाले. आता दीड महिन्यापुरतंच घेतो, वाटायच्या आधी पोतं मोजतो आणि तूट सगळ्यांत सारखी वाटतो. गावातल्या दुकानदाराचं जुनं उधार आधी फेडायचं हेही ठरवलं. अडल्यानडल्याला रात्री दहा वाजता तोच दार उघडतो. त्याला तोडून चालणार नाही, पण त्याच्या वहीत अडकूनही राहायचं नाही.

बहिणींनो, तुमच्याकडे असा कागद आला तर एवढं विचारा. वर्गणी परत मिळते का? मध्येच सोडता येतं का? एक कार्ड दोन घरांत चालतं का? माल खराब निघाला तर बदलून देतात का? आणि भाव ताडताना पुडा बघू नका, किलोचा भाव बघा. पाकिटावर एकेका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापायचा नियम आहे. तेल घेताना लिटर आणि किलो यांत गल्लत करू नका. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून १५ लिटरचा डबा १५ किलोच्या डब्यापेक्षा सव्वा किलोहून जास्त हलका असतो. फसवणूक झाली तर पावती जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. १९८६ साली झालेला आणि २०१९ साली नव्याने आलेला ग्राहक संरक्षण कायदा कार्डवालीसाठी आहे आणि बिनकार्डवालीसाठीही आहे.

आमच्या गटाच्या वहीत आता शेवटच्या पानावर आजींचे दोन्ही प्रश्न लिहून ठेवले आहेत. पुढे कोणी विम्याचा, भिशीचा, कसलाही कागद घेऊन आलं की आधी ते पान उघडायचं, असं ठरलं आहे. तुमच्या गटात अशा वेळी काय विचारतात ते आम्हाला जरूर कळवा.